डॉकेट नंबर लिहून घ्या

आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीखाली सिमेंटचा एक बाक आहे. त्याच्या पाठीवर 'यांच्या स्मरणार्थ' एवढीच अक्षरं उरली आहेत. कुणाच्या, ते साताऱ्याच्या पावसानं पुसून टाकलं आणि आता ते कुणाच्याच स्मरणात नाही. रोज संध्याकाळी ५ ते ७ त्या बाकावर, अजिंक्यताऱ्याकडे पाठ करून, नाना बसतात. शेजारी रेक्झिनची पिशवी. पिशवीत लांबोडकी वही, वहीला दोऱ्यानं बांधलेलं निळं पेन, खिशाला लाल पेन आणि तीन तऱ्हेच्या चार्जिंगच्या वायरी. मोबाईल, काँप्युटर, ओटीपी, आधार, पेन्शन किंवा परदेशातल्या मुलाचा व्हिडिओ कॉल यांपैकी ज्याला जे अडलं असेल त्यानं यावं, नंबर घ्यावा आणि बसावं. पैसे पडत नाहीत.

फुकट म्हणजे सोपं असा कुणाचा समज असेल तर तो पहिल्याच प्रश्नाला जातो. हा पहिला प्रश्न सगळ्यांना सारखा असतो.

"नाना, व्हॉट्सॲप उघडत नाहीये."

"रिसीव्हर नीट ठेवलाय का?"

नवखा माणूस हबकतो. हातातल्या मोबाईलकडे बघतो, नानांकडे बघतो, आणि आपण चुकीच्या माणसाकडे आलो की काय अशा चेहऱ्यानं मागच्याकडे बघतो. मागचा जुना असतो. तो हळूच सांगतो, "नेट चालू आहे का, असं विचारतायत." नेट बंद असतं. दहातल्या तीन-चार तक्रारी इथेच निकालात निघतात.

या रिसीव्हरची हकीकत सांगायला हवी. नाना १९८४ मध्ये टेलिफोन खात्यात लागले आणि त्यांची बरीचशी नोकरी १९८ वर गेली. आजच्या मुलांना १९८ हे काय ते समजावून सांगावं लागतं. घरचा फोन मुका झाला की शेजाऱ्यांकडे जायचं, 'जरा फोन करू का' म्हणायचं आणि त्यांच्या तबकडीवरून १९८ फिरवायचा. कुणाचा नंबर हवा असेल तर १९७, स्वतःचा नंबर मेला असेल तर १९८. पलीकडून एक निर्विकार आवाज यायचा, "डॉकेट नंबर लिहून घ्या." तो आवाज नानांचा. एक्स्चेंजमध्ये टेस्ट डेस्कवरचा माणूस तुमच्या लाईनला मीटर लावायचा आणि बसल्या जागेवरून ओळखायचा की बिघाड खांबावर आहे, जमिनीखालच्या केबलमध्ये पाणी शिरलंय, की तुमच्या दिवाणखान्यातच काही झालंय. आणि दिवाणखान्यात, नानांच्या अनुभवाप्रमाणे, बहुतेक वेळा एकच झालेलं असे. कुणीतरी रिसीव्हर तिरका ठेवलेला असे, किंवा त्याच्यावर क्रोशाचा रुमाल असे आणि रुमालाखाली तो घसरलेला असे. अशा लाईनवर एक्स्चेंजमधून एक कर्कश आवाज सोडत. त्याला हाउलर म्हणत. घरातल्या कुणाच्या तरी कानावर तो पडावा आणि त्यानं रिसीव्हर जागेवर ठेवावा, ही योजना. नाना स्वतः बोलायला लागले की हा हाउलर कसा असेल याची चांगली कल्पना येते.

तेव्हापासून जगाच्या पाठीवरचा कुठलाही बिघाड हा आधी सबस्क्रायबरच्या घरात शोधायचा असतो, यावर त्यांची श्रद्धा आहे. माणसांचे प्रकारही दोनच, स्टाफ आणि सबस्क्रायबर. आम्ही सगळे सबस्क्रायबर. नानीसुद्धा.

आता वही. तिच्यात रकाने आहेत: डॉकेट नंबर, तारीख, सबस्क्रायबर, तक्रार, आधी काय केलं, काय सांगितलं, आणि शेवटी एक अरुंद रकाना, ओके. तक्रारीच्या रकान्यात सबस्क्रायबरचेच शब्द उतरवायचे हा नेम. 'फोन रुसलाय.' 'अंगठा घेत नाही.' 'आतली बाई हिंदीत गेली.' 'मुलगा दिसतो, बोलत नाही.' 'नेट आहे पण येत नाही.' मी एकदा म्हटलं, नाना, 'आवाज म्यूट' एवढं लिहा की. तर म्हणाले, "आपल्या शब्दांत लिहिलं की आपल्याला माहीत असलेलाच फॉल्ट सापडतो. त्याचा राहतो बाजूला." हे वाक्य एखाद्या डॉक्टरच्या टेबलावर लिहून ठेवावं अशा लायकीचं आहे, पण नाना लगेच पुढच्याच्या अंगावर ओरडले, त्यामुळे ते तिथेच विरलं.

'आधी काय केलं' या रकान्यात पानंच्या पानं एकच उत्तर आहे: काही नाही, आपोआप झालं. मी काही केलं नाही, आपोआप इंग्रजी झालं. मी काही केलं नाही, आपोआप सगळे फोटो गेले. सुरुवातीला नाना ते पूर्ण लिहायचे. आता 'का. ना. आ. झा.' एवढंच लिहितात. डॉकेट ७१२ च्या पुढे वहीत ही आद्याक्षरं अशी काही ओळीनं उभी आहेत की परक्या माणसाला ती एखाद्या पदवीची वाटावीत.

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींचा आणि त्यांचा एक संवाद मी माझ्या कानांनी ऐकला आहे.

"स्क्रीनवर काही लिहून आलं होतं का?"

"हो, आलं होतं ना काहीतरी."

"काय आलं होतं?"

"इंग्रजीत होतं."

"ते कळलं. काय होतं?"

"मी ते घालवलं."

"घालवलं? न वाचता?"

"सारखं मध्ये येत होतं हो."

नानांनी पेन खाली ठेवलं, टोपी काढली, कपाळ पुसलं. "वहिनी, घरी पोस्टमन तार घेऊन आला तर तुम्ही तार न वाचता पोस्टमनला घालवाल का?"

वहिनी म्हणाल्या, "तार कुठे येते आता?"

खरंच येत नाही. तारसेवा १५ जुलै २०१३ पासून बंदच झाली. नाना गप्प बसले. त्यांना निरुत्तर करणारे सबस्क्रायबर थोडे, त्यांत वहिनींचं नाव वर लागतं.

बाकावर येऊ न शकणाऱ्यांसाठी फोनवरून सेवा आहे, पण ती ऐकणाऱ्याची परीक्षा पाहते. "वर उजव्या कोपऱ्यात तीन टिंबं आहेत, एकाखाली एक. दिसली?" पलीकडून उत्तर येतं, "आमच्यात नाहीत." "असतात." "तुमच्यात असतील. आमचा फोन जरा साधा आहे." मग नाना सांगतात, फोन जवळ धरा. मग सांगतात, कानापासून लांब धरा, कानाला लावून टिंबं कशी दिसतील? फोन लांब गेला की पुढचं बोलणं ऐकू जात नाही. शेवटी नाना जिने उतरतात, दोन इमारती पलीकडे जातात, जिने चढतात आणि तीन टिंबांवर स्वतःचं बोट ठेवून येतात. येताना धापा टाकत म्हणतात, "फॉल्ट सबस्क्रायबर एंडला होता."

हे सगळं सुरू झालं त्याला एक तारीख आहे. भारत संचार निगमच्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत ३१ जानेवारी २०२० ला देशभरातले सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी घरी आले. त्यांत नाना होते. फेब्रुवारी त्यांनी कपाटं आवरण्यात घालवला. मार्चच्या पंधरवड्यात आवरायला कपाटं उरली नाहीत आणि नानींनी माहेरी जायची भाषा सुरू केली. २५ मार्चला देश बंद झाला. माहेर बंद, शाळा बंद, आणि शाळा मोबाईलवर चालू. प्रत्येक घरातून एकच हाक यायला लागली, 'बाई दिसत नाहीत.' नाना तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहिले आणि तिथून ओरडून सांगायला लागले की कॅमेऱ्याचं चित्र दाबा, माईकवरची रेघ काढा. समोरच्या इमारतीतली मुलं गॅलरीत येऊन प्रश्न विचारायची. १९८ पुन्हा सुरू झालं होतं, फक्त मधली तार गेली होती. टाळेबंदी उठल्यावर नाना खाली बाकावर आले ते तिथेच राहिले.

त्यांच्या धंद्याला मोसम असतात. शेतकरी पाहुणे येतात ते ई-पीक पाहणीच्या वेळी. बांधावर उभं राहून पिकाचा फोटो काढायचा असतो आणि फोनला आपण कुठे उभे आहोत ते कळावं लागतं, हे पाहुण्यांना बाकावर बसून हवं असतं. पण जुलै २०२४ सारखा मोसम परत होणे नाही. लाडकी बहीण योजना जाहीर झाली आणि आमची टाकी झाकली गेली. धुणंभांडीवाल्या, भाजीवाल्या, अंगणवाडीच्या मदतनीस, शेजारच्या वस्तीतल्या लेकीसुना, सगळ्या हातात आधार कार्ड आणि मुलाचा मोबाईल घेऊन बाकापासून गेटपर्यंत. नाना त्या महिन्यात ५ ते ७ ऐवजी ४ ते ९ बसले आणि घसा बसल्यावर पाटीवर लिहून सांगू लागले.

अर्ज भरणं ही काही मोठी गोष्ट नव्हती. खरी गंमत पैसे यायला लागल्यावर झाली. भांडी घासायला येणाऱ्या एका सूनबाईला महिना १५०० रुपये मंजूर, तसा संदेशही आला, आणि खात्यात दमडी नाही. बँक म्हणते, आधार जोडलेला आहे. ती म्हणते, पैसे कुणीतरी खाल्ले. सासू म्हणते, हिनंच खाल्ले. नानांनी तिघांचंही ऐकून घेतलं आणि विचारलं, "लग्नाआधी कुठे खातं काढलं होतं?" कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी काढलं होतं, माहेरी. झालं. खात्याला आधार जोडलेला असणं वेगळं आणि सरकारी पैसा कुठे जायचा त्या यादीत तुमच्या आधारपुढे बँकेचं नाव असणं वेगळं. त्या यादीत एका आधारपुढे एका वेळी एकच बँक असते. हिचा आधार सासरी नांदत होता आणि पैसे इमाने-इतबारे माहेरी जात होते. तीन हप्ते तिथे सुखरूप पडून होते. सासूनं तिच्याकडे बघितलं नाही, नानांकडे बघितलं आणि म्हणाली, "एवढं बँकेतल्या सायबाला कळंना?" नाना म्हणाले, "त्यांनी लग्नाचं विचारलं नाही."

अशा वेळी मला हा माणूस फार मोठा वाटतो. मग त्याच संध्याकाळी भाजीवाल्या मावशी क्यूआर कोडचा बोलका डबा घेऊन येतात. "नाना, ह्यो डबा कालधरनं बोलंना." नाना त्यांना आधी यूपीआय २०१६ साली आलं तिथपासून सांगायला लागतात. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन मागेल तो चोर, फसलात तर १९३० ला फोन करायचा, हे सगळं तीनदा म्हणवून घेतात. गिऱ्हाईक सोडून आलेल्या मावशी पंचवीस मिनिटं माना डोलावतात. शेवटी विचारतात, "पर डबा का बोलंना?" नाना डबा उलटा करतात. "चार्जिंगला लावला होता का?"

"त्याला बी जेवाय लागतंय व्हय?"

नोव्हेंबर महिना पेन्शनरांचा. हयातीचा दाखला. पूर्वी बँकेत जाऊन सही करावी लागे. मग २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' आलं आणि अंगठ्यावर काम होऊ लागलं. पण जन्मभर भाकऱ्या थापलेल्या बोटांवर रेषा शोधून सापडत नाहीत. आता फोनसमोर चेहरा धरून होतं. त्याला दोन ॲप लागतात, आणि त्यात आधी ऑपरेटर म्हणून नानांना स्वतःचा चेहरा दाखवावा लागतो. म्हणजे दुसऱ्याची हयाती सिद्ध करण्याआधी स्वतः हयात असावं लागतं. हा नियम नानांना अतिशय न्याय्य वाटतो.

गेल्या नोव्हेंबरात चौऱ्याऐंशी वर्षांच्या मुख्याध्यापिकाबाईंना बाकावर बसवलं होतं. हा प्रसंग मी पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिला. मावळतीचं ऊन मागून येत होतं, म्हणून त्यांना उलट बसवलं. चष्म्यावर आकाश चमकत होतं, म्हणून चष्मा काढला. चष्मा काढल्यावर त्यांना फोन दिसेना. "बाई, वर्तुळाकडे बघा." "कुठलं वर्तुळ?" नानांनी त्यांची हनुवटी दोन बोटांनी धरून सरळ केली, फोटोग्राफर नवरीची करतो तशी. "आता डोळे मिचकवा." बाईंनी डोळे मिटले. मिटले ते मिटलेच, प्रार्थनेला उभ्या राहिल्यासारखे. "उघडा." उघडले. वेळ संपली. पुन्हा. "बाई, मिटायचे नाहीत, मिचकवायचे. पटपट." बाई ताठ झाल्या. "मी आयुष्यात कुणाला डोळा मिचकावलेला नाही." भोवतीच्या दहा पेन्शनरांत जे हसले त्यांना नानांनी मागच्या नंबरवर टाकलं. मग नानांनीच समोर बसून एकदा, दोनदा, तीनदा पापण्या फडफडवून दाखवल्या, आणि बाईंना ते बघून हसू आलं. हसताना पापण्या हलल्या. फोननं टुणकन आवाज केला. बाई हयात.

नाना कधीच 'मला माहीत नाही' म्हणत नाहीत. हा त्यांचा दोष मानायचा की गुण, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. माहीत नसलं की ते म्हणतात, "रिपोर्ट वर पाठवतो." वर म्हणजे तिसरा मजला, त्यांचं स्वतःचं घर. तिथे ते रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चष्मा कपाळावर चढवून शोधत बसतात, आणि उत्तर सापडलं की ते सकाळपर्यंत धरून ठेवणं त्यांना जमत नाही.

माझंच उदाहरण. गणेशोत्सवात महाप्रसादाचा स्वयंपाक करणाऱ्यांचा सत्कार करायचं ठरलं आणि फ्लेक्सचा मजकूर माझ्याकडे आला. 'आचाऱ्यांचा सत्कार' एवढे दोनच शब्द. पण काँप्युटर काही केल्या 'आचाऱ्यांचा' लिहीना. र, हलन्त, य असं दाबलं की र उडी मारून डोक्यावर जायचा आणि 'आचार्यांचा' व्हायचं. संध्याकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी मी लॅपटॉप घेऊन बाकावर गेलो. नानांनी विचारलं, रिसीव्हर नीट ठेवलाय का. मी म्हटलं, ठेवलाय. त्यांनी दहा मिनिटं खटपट केली, घड्याळ बघितलं, ७ वाजले. "डॉकेट ११४३. रिपोर्ट वर पाठवतो." फ्लेक्सवाल्याला ९ पर्यंत मजकूर हवा होता. मी आहे तसा पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ६ वाजून १० मिनिटांनी बेल वाजली. दारात नाना, गळ्याला मफलर, हातात कागद. "सापडला तुमचा र. आपल्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर साधा र घ्यायचाच नाही. शिफ्ट दाबून जे. खाली टिंब असलेला ऱ येतो. मग डी, म्हणजे हलन्त. मग य, तो तिरक्या रेघेच्या बटणावर. असं केलं की र डोक्यावर उडत नाही, य च्या कुशीला चिकटून बसतो. हिंदीला हा र लागत नाही, म्हणून हे कुणी सांगत नाही. लिहून घ्या." मी दात न घासता लिहून घेतलं. तोवर फ्लेक्स गेटवर चढला होता: 'महाप्रसादाच्या आचार्यांचा जाहीर सत्कार'.

संध्याकाळी ब इमारतीतले निवृत्त संस्कृत शिक्षक उपरणं घेऊन पहिल्या रांगेत बसलेले दिसले. सोसायटीत आचार्य म्हणण्यासारखं दुसरं आहे कोण, हा त्यांचा हिशेब चूक नव्हता. महाप्रसादाशी आपला संबंध काय, हे त्यांनाही नीट उमगलं नसावं, पण सत्काराला उत्तर म्हणून त्यांनी 'आचार' या शब्दावर चार पानं काढून आणली होती. मंडळानं घाईनं आणखी एक नारळ आणि शाल मागवली. आचारी साडेपाच मिनिटांत आभार मानून भांडी घासायला गेले. आचार्य पाऊण तास बोलले.

नानींविषयी दोन शब्द. त्यांच्या मोबाईलची काच वर्षभर तडकलेली आहे आणि त्यात वरचा निम्मा कीबोर्ड उमटत नाही. घरात त्यांनी विषय काढला की नाना म्हणतात, "५ ते ७." शेवटी एके दिवशी त्या खरोखरच खाली आल्या, पदर खोचून रांगेत उभ्या राहिल्या. "अहो, माझा कितवा?" "अकरावा." सात वाजले तेव्हा नववा चालू होता. नानांनी वही मिटली. नानी काही बोलल्या नाहीत. त्या रात्री नानांना पोळ्या वाढायच्या वेळी नानींनी घड्याळाकडे बघून "८ ते ८.३०" म्हटल्याचं चौथ्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं.

कोपऱ्यावर मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. तिथला पोरगा पन्नास रुपये घेतो, काही विचारत नाही, काही सांगत नाही, दोन मिनिटांत फोन परत देतो. लोक त्याच्याकडे खुशाल जातात, पण नानांना दिसू नये म्हणून मागच्या गेटनं. नानांच्या मते तो फोन दुरुस्त करतो, सबस्क्रायबर तसाच बिघडलेला राहतो. नातवानं एकदा तो र कसा लिहायचा हे एआयला विचारून दाखवलं. त्यानं उत्तर दिलं. नानांनी त्यातली चूक काढली. त्यानं माफी मागितली आणि दुसरं उत्तर दिलं. त्यातही नानांनी खोट काढली. त्यानं पुन्हा माफी मागितली आणि आणखी काही मदत हवी का विचारलं. नाना बराच वेळ बघत राहिले. "स्वभाव चांगला आहे," ते म्हणाले, "पण १९८ वर टिकला नसता."

कुणी पैसे देऊ केले तर ते घेत नाहीत, पेढे आणले तर बाकावरच वाटून टाकतात. आभारांचंही त्यांना फारसं वाटत नाही. त्यांना काय हवं असतं ते मला गेल्या फेब्रुवारीत कळलं. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, आठवडाभर स्क्रीनकडे बघायचं नाही. चौथ्या दिवशी ५ वाजता काळा गॉगल लावून नाना बाकावर हजर. वही नातवाकडे. "मी बघणार नाही," ते म्हणाले, "मी ऐकणार. आम्ही सगळी नोकरी न बघताच केली. वाचा काय लिहिलंय ते. एकेक अक्षर."

आणि लोकांना वाचावं लागलं. त्यांच्यापुढे फोन सरकवून मोकळं होण्याची सोय राहिली नव्हती. वहिनींनी वाचलं, "स्टोरेज फुल. मोकळी... जागा... करा... अय्या, हे तर सांगतंय की!" भाजीवाल्या मावशींच्या मुलानं वाचलं आणि वाचता वाचता बटण दाबलं. एक पेन्शनर अर्ध्या वाक्यात थांबले, 'कळलं' म्हणाले आणि उठून गेले. त्या चार दिवसांत बाकावर जितक्या तक्रारी मिटल्या तितक्या एरवी महिन्यात मिटत नाहीत. नातवानं विचारलं, "आजोबा, 'काय सांगितलं' या रकान्यात काय लिहू?" नाना गॉगलमागून कुठेतरी बघत होते. जरा पडेल आवाजात म्हणाले, "लिही. का. ना. आ. झा."

गॉगल निघाल्यावर त्यांनी पहिलं काम केलं ते वही चाळण्याचं. मी शेजारी बसलो होतो. पानावर बोट फिरवत ते ११४३ वर थांबले. ओकेच्या रकान्यात काही नव्हतं. "तुमचा तो र. जमला का पुढे?"

मी म्हटलं, हो, त्याच दिवशी जमला. रोज लिहितो.

"मग सांगायचं नाही?" आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "लाईनमन खांबावर चढून दुरुस्ती करायचा, सबस्क्रायबरच्या घरून आम्हाला फोन लावून बोलायचा, 'ओके'. मग आम्ही डॉकेट बंद करायचो. त्याशिवाय बंद व्हायचं नाही. इथे माणूस उठून जातो. चालू झालं की नाही, पैसे आले की नाही, पोराचा आवाज ऐकू आला की नाही, मला काय कळणार? रात्री पडल्यावर एकेक नंबर आठवत बसतो." त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, ११४३ पुढे 'ओके' लिहिलं, तारीख घातली, खाली रेघ मारली. मग पेनाचं टोपण लावून पुढच्याला म्हणाले, "हं. रिसीव्हर नीट ठेवलाय का?"

वहीत आजमितीला २१४ डॉकेटं उघडी आहेत. बाईंच्या हयातीचं बंद झालं, सूनबाईंचं बंद झालं, नानींचं अजून उघडं आहे. तुमचंही काही त्यांत असेल आणि फोन चालू झाला असेल, तर कृपा करून खाली येऊन एवढं सांगून जा. ५ ते ७, टाकीखाली. रांगेत उभं राहावं लागत नाही. लांबूनच 'ओके' म्हणून ओरडलं तरी ते लिहून घेतात.